चोपड्याच्या धक्क्यावरची गाडी

मांद्रे,
१६ ऑक्टोबर १९८८

ती. शिवदासदादा,

नमस्कार. टॅक्सीसाठीची व्हॅन घरी आली. पांढरी, तू म्हणालास तशीच. शाळेतून परत आले तर अंगणात निम्मा वाडा जमलेला. सगुणने नारळ फोडला, शेजारच्या जानकीने ओवाळलं, आणि मग पोरांना कोंबून तो पार आश्व्याच्या पुलापर्यंत फिरवून आला. सात वर्षं मोटरसायकलवर मागे एकेक माणूस बसवून पोटं भरली. आता सात माणसं एकदम बसतात, पावसात भिजत नाहीत, याचंच त्याला अप्रूप. तू कंपनीत नसतास तर आमचा नंबर पुढच्या वर्षीही लागला नसता. हे तो रोज कुणाला ना कुणाला सांगतो. "माज्या मेवण्याची कंपनी," असं म्हणतो, जणू तूच तिचा मालक.

किनाऱ्यावर गोरे लोक यायला लागलेत. त्यांना दोन खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी पाहुण्यांसाठी सगुणची गाडी आत्ताच सांगून ठेवलीय.

एक विचारायचं होतं. गाडीत पेट्रोलचा वास येतो, चढ चढताना जास्त. सगुण म्हणतो, "नवी गाडी गे ती, वास येतलोच." तसं असतं का? वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दिवाळीला नार्व्याच्या आपल्या घरी येणार असशील तर आम्ही गाडीनेच येऊ.

तुझी,
सुशीला


कोल्हापूर,
२७ ऑक्टोबर १९८८

चि. सुशीला,

पत्र वाचून आनंद झाला. सगुणरावांच्या कष्टाचं चीज झालं.

वासाचं लिहिलंस ते बरं केलंस. नव्या गाडीला थोडा वास असतो. तरी पणजीच्या आपल्या वर्कशॉपात एकदा दाखवा. पुढच्या सीटखाली इंजिनाजवळून पेट्रोलचा रबरी पाइप जातो, तो बदलून द्या म्हणावं. पैसे घेत नाहीत. कारण विचारत बसू नका, आणि माझं नाव सांगू नका. घाबरण्यासारखं काही नाही. सवडीने न्या, पण लवकर न्या.

दिवाळीला रजा नाही. कारखान्यात काम वाढलंय.

तुझा,
शिवदास


मांद्रे,
१२ डिसेंबर १९८८

ती. दादा,

तुझं कार्डही मिळालं. त्यातही पुन्हा पाइपच. सगुणला वाचून दाखवलं तर तो जेवता जेवता उठला. म्हणाला, "तुज्या भावाक दिसता, म्हाका गाडी सांबाळूंक कळना."

तू तिकडे बसून लिहितोस, पण पणजीला गाडी न्यायची म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे ना? मांडवीचा पूल पडल्यापासून बेतीला फेरीबोटीची रांग डोंगरापर्यंत लागते. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा, वर्कशॉपवाले गाडी ठेवून घेणार ते वेगळंच. आणि सीझन आत्ताच सुरू झालाय. हे चार महिने धावून पावसाळा काढायचा असतो. म्हापशाच्या मेकॅनिकने सीटखाली बघितलं. पाइपाच्या टोकाला तार आवळून दिली. वास बराच कमी झालाय. शिमगा झाला की पणजीला नेऊच.

गाडीचा वाड्याला फार उपयोग होतो. परवा म्हाताऱ्या सोनाबाईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. तिची सून जानकी गरोदर आहे, मार्चमध्ये दिवस भरतील. तिचा नवरा मंगेश डिचोलीला खाणीवर असतो, शनिवारचा येतो. त्याने सगुणला आत्ताच सांगून ठेवलंय, "वेळ येयत तेन्ना गाडी तुजी." शेजाऱ्यांकडून सगुण भाडं घेत नाही.

तू रागावू नकोस. पण असं सारखं लिहिल्याने घरात वाद होतात.

सुशीला


कोल्हापूर,
८ जानेवारी १९८९

चि. सुशीला,

वाद होऊ दे. तार आवळून उपयोग नाही. पाइप बदलायला हवा, आणि तो नवा पाइप फक्त आमच्या वर्कशॉपात मिळतो. शिमग्यापर्यंत थांबू नका. तोवर गाडी लांब नेऊ नका, उभी असताना इंजिन चालू ठेवू नका, आणि शक्यतो माणसं बसवू नका.

का, ते विचारू नकोस. कागदावर लिहिता येत नाही. रजा मिळाली की मी स्वतः येऊन गाडी घेऊन जाईन.

शिवदास


मांद्रे,
३ मार्च १९८९

दादा,

तू आला नाहीस. आता आलास तरी न्यायला गाडी नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी अडीचच्या सुमाराला जानकीला कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधीच. सोनाबाई धावत आली. सगुण नुकताच जेवून आडवा झाला होता, तसाच उठला. जानकीला मागच्या सीटवर निजवलं, सोनाबाई पुढे बसली. मी शाळेत होते. हे सगळं मला नंतर कळलं, वेगवेगळ्या माणसांकडून.

चोपड्याच्या धक्क्यावर पोचले तेव्हा फेरी पलीकडे शिवोलीला होती. सगुण उतरला आणि रांगेतल्या माणसांना हात जोडून गाडी पुढे घेऊ द्या म्हणाला. सगळ्यांनी वाट दिली. खाली उभा राहून त्याने एक विडी ओढली. फेरी निघालेली दिसली तशी ती टाकली, आत बसून इंजिन चालू केलं आणि वाट बघत राहिला. फेरी अर्ध्या नदीत आली तेव्हा सोनाबाई म्हणाली, "सगुणा, धूर कसलो रे?"

सीटखालून येत होता. त्याने इंजिन बंद केलं, सोनाबाईला बाहेर ढकललं आणि मागचं सरकतं दार उघडायला गेला. दार सरकेना. आतून जानकी खटका ओढत होती, बाहेरून तो. माणसं धावली. कुणी नदीचं पाणी घमेल्याने आणून मारलं, तर पेट्रोल पाण्यावरून पसरून आग आणखी वाढली. मग एकाने दगडाने मागची काच फोडली आणि तिथून तिला बाहेर काढली. तोवर उशीर झाला होता. फेरी धक्क्याला लागली, त्यातच घालून तिला पलीकडे नेली. म्हापशाच्या इस्पितळात ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत होती. मूल त्याआधीच गेलं होतं.

सगुणचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. दार सोडत नव्हता, लोकांनी ओढून काढला म्हणतात.

पोलीस इस्पितळातच आले. जबानी इंग्रजीत लिहिली, वाचून दाखवली नाही. त्याची बोटं बांधलेली, पेन हातात धरवून सही घेतली. आता कळतं की त्यात लिहिलंय, गाडीत विडी ओढल्यामुळे आग लागली. सोनाबाईला विचारलं, सगुणने विडी ओढली का? ती हो म्हणाली. खरंच आहे ते. गाडीत की बाहेर, हे तिला कुणी विचारलंच नाही.

मंगेश काल आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "मास्तरीणबाय, तुमचो घोव बरो मनीस. पण माजी बायल गेली." आणि गेला.

ती पाइपाला आवळलेली म्हापशाची तार, दादा. मीच म्हटलं होतं सगुणला, की आता वास कमी झाला, आता कशाला पणजी.

सुशीला


कोल्हापूर,
११ मार्च १९८९

चि. सुशीला,

पत्र वाचलं. काय लिहावं सुचत नाही. सगुणरावांच्या हातांना खोबरेल वगैरे काही लावू नका, डॉक्टर सांगतील तेच करा. सोबत थोडी रक्कम मनीऑर्डरने पाठवतोय.

पोलिसांनी आणखी काही विचारलं का? कंपनीचा कुणी माणूस येऊन गेला का? माझी पत्रं घरात असतील तर कुणाला दाखवू नकोस. त्यातून उगाच वेगळे अर्थ काढतील.

शिवदास


मांद्रे,
१७ मार्च १९८९

दादा,

मनीऑर्डर परत केली.

तुझी चारही पत्रं समोर घेऊन बसलेय. तुला ठाऊक होतं का? एवढंच लिही.


कोल्हापूर,
२ एप्रिल १९८९

सुशीला,

हो. ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात हुबळीला एक गाडी जळली, मग सांगलीजवळ दुसरी. माणसं वाचली. आम्ही जळके सांगाडे कारखान्यात आणून उघडले. पेट्रोलचा रबरी पाइप सायलेन्सरच्या फार जवळून जातो. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं, तडकतं, पेट्रोल थेंब थेंब तापलेल्या लोखंडावर पडतं. उभ्या गाडीत वारा नसतो, तेव्हा जास्त धोका. आमच्या विभागाने लिहून दिलं की विकलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवा आणि पाइप बदला.

वरून एक कागद आला. इंग्रजीत, एक पान. दुरुस्तीला येईल त्या गाडीचा पाइप गुपचूप बदलावा, गिऱ्हाइकाला सांगू नये, पेपरात देऊ नये, कुणालाही पत्र पाठवू नये. आम्ही प्रत्येकाने तो वाचला, सही केली, आणि कागद परत घेतला गेला. म्हणजे जो गाडी आणेल तो वाचेल. जो आणणार नाही, त्याचं त्याचं नशीब.

तुला सरळ का नाही लिहिलं? क्वार्टर कंपनीचं, मुलांची शाळा कंपनीची. स्टोअरमधल्या एकाने बाहेर तोंड उघडलं, त्याला संध्याकाळपर्यंत गेटबाहेर काढलं. हे सगळं खरं. पण खरं कारण याहून वाईट आहे. मला वाटलं, हजारो गाड्यांत दोन जळल्या, आपल्याच घरी कशाला जळेल. आणि मी तर सांगितलंय पाइप बदला म्हणून. माझं काम झालं. मी लिहिलं आणि निवांत झोपलो, सुशीला.

जानकी मला आठवते. तुझ्या लग्नात पंगतीत वाढत होती, हसताना तोंडावर पदर धरायची.

शिवदास


मांद्रे,
१५ एप्रिल १९८९

शिवदासदादा,

सगुणवर खटला भरलाय. निष्काळजीपणाने मनुष्यवध. आमचे वकील सांगतात, कंपनीचा इंजिनियर साक्षीला येणार आहे, गाडीत दोष नव्हता म्हणून सांगायला. तू मला लिहिलंस ते कोर्टात सांग. दुसरं काही मागत नाही. तुझी पत्रं मी वकिलांना दिली आहेत.

सुशीला


कोल्हापूर,
२४ जून १९९१

चि. सुशीला,

तारीख पडत पडत दोन वर्षांनी मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि बाहेर आलो तर तू निघून गेली होतीस. साक्ष चालू असताना तू बाहेर बाकावर होतीस, म्हणून आत काय झालं ते माझ्याकडून ऐक.

मी सगळं सांगितलं. हुबळी, सांगली, पाइप, तो कागद. मग सरकारी वकील उठले. कागदाची प्रत आहे? नाही. दुसरा साक्षीदार? नाही, इतर सगळे नोकरीत आहेत. आरोपी तुमचे कोण? बहिणीचे यजमान.

मग त्यांनी आपल्या वकिलांनी दाखल केलेली माझीच पत्रं वाचली, इंग्रजी करून. तेच शब्द त्या भाषेत ऐकताना ओळखू येत नव्हते. 'उभी असताना इंजिन चालू ठेवू नका. माणसं बसवू नका.' ते म्हणाले, आरोपीला जवळच्या नातेवाइकाने, जाणकार माणसाने, पुन्हा पुन्हा सावध केलं होतं. तरी त्याने गरोदर बाईला बसवलं आणि इंजिन चालू ठेवलं. आपल्या वकिलांनी हरकत घेतली, पण सगुणरावांची मान तेवढ्यात खाली गेली ती वर आली नाही. ज्या पत्रांनी त्यांना सोडवायचं, त्यांनीच त्यांना बांधलं.

आणि एक गोष्ट मी तुला त्या पत्रातही लिहिली नव्हती. कंपनीच्या इंजिनियरने एक कागद आणला होता. तुमच्या गाडीच्या कारखान्यातल्या तपासणीचा. 'पेट्रोल पाइप: तपासला, ठीक.' खाली सही माझी. तो महिना मी रोज चाळीस गाड्यांवर तीच सही करत होतो. सरकारी वकिलांनी विचारलं, ही सही खोटी की आजची साक्ष खोटी? मी म्हटलं, सही खोटी. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही खोटं लिहू शकता. झालं, बसा.

काल कामावर गेलो तर गेटवरच पाकीट दिलं. या महिनाअखेरीला क्वार्टर सोडायचं. त्याचं मला काही वाटत नाही. तुला काही वाटावं म्हणूनही लिहीत नाही.

शिवदास


मांद्रे,
२० नोव्हेंबर १९९१

दादा,

निकाल लागला. सहा महिने. लायसन रद्द.

वकील म्हणतात अपील करू. सगुण नको म्हणाला. न्यायाधीशांनी काही सांगायचंय का विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माज्या गाडयेत बाई मेली, हें खरें." लिहिणाऱ्याने ते गुन्हा कबूल असं लिहून घेतलं.

जाताना त्याने शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घेतली. बोटं अजून वळत नाहीत. तिथे कोण लावून देणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मंगेश निकालाला आला होता. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तोही माझ्यासारखाच भिंतीकडे बघत बसला होता. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "तो पायप खरोच तसो आसलो?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मगे कंपनीचो कोण गेलो तुरुंगात?"

सुशीला


नार्वे,
९ ऑक्टोबर १९९२

चि. सुशीला,

तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. तरी लिहितो.

आता इथेच आहे. नदीकाठची शेती बघतो. तुझी वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली, शाळेचं वर्ष होईपर्यंत म्हणाली होती. ते वर्ष केव्हाच झालं.

मी मंत्र्यांना लिहिलं, दिल्लीला लिहिलं, दोन वर्तमानपत्रांत जाऊन आलो. सगळे विचारतात, कागद आहे का? एक संपादक चांगले होते, त्यांनी कंपनीला पत्र घातलं. कंपनीने कोर्टाच्या निकालाची प्रत पाठवली. आता तो निकालच त्यांचं प्रमाणपत्र झालाय.

नव्या गाड्यांत पाइप दुसऱ्या बाजूने नेलाय. म्हणजे सगळं ठाऊक आहे. पण जुन्या हजारो गाड्या तशाच फिरतायत. एकाकडून दुसऱ्याकडे विकल्या जातायत. गोव्याच्या नंबरपाट्या बदलण्याआधीच्या, जुन्या जी.डी. नंबरच्या ज्या असतील त्या सगळ्या तसल्याच समज. तुमच्या भागात कुणी घेतली तर सांग त्यांना.

सगुणराव सुटून आल्याचं कळलं. एकदा येऊन भेटू का?

शिवदास


मांद्रे,
३१ जानेवारी १९९३

दादा,

सगुण घरी नसतो. लाटंबार्शाला एका काजूच्या बागेत राखणीला आहे. मूठ मिटत नाही म्हणून कोयता धरता येत नाही, नुसतं बसायचं काम. महिन्यातून एकदा येतो. त्याला भेटून काय करणार आहेस? तो तुला वाईट बोलणार नाही. काहीच बोलणार नाही. तू नको येऊस.

तू सांगितलंस म्हणून मी सांगत फिरले. आपल्या गावात तसल्या चार गाड्या आहेत, सगळ्या जुन्या नंबरच्या. चौघांच्या घरी गेले. एकाने चहा दिला. एकाच्या बायकोने दार लावलं. एकाने हसून सांगितलं, "बाय, तुमच्या घोवान विडी ओडली म्हणून गाडी जळली. आमी विडी ओडनात." पणजीला जाऊन पाइप बदला म्हटलं. आता पूल झालाय, रांग नाही. तिघं गेले नाहीत. एक गेला होता म्हणे. वर्कशॉपवाल्यांनी सांगितलं, असला काही पाइप आमच्याकडे नाही.

मग या महिन्यात शाळेची सहल ठरली. सप्तकोटेश्वराचं देऊळ बघायला, नार्व्याला. हेडमास्तरांनी गाड्या ठरवल्या त्या याच चारांपैकी दोन. मी लेखी दिलं की या गाड्यांतून मुलं नेऊ नयेत. त्यांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाले, गाड्यांत खोट असती तर सरकारने बंद केल्या नसत्या का? कोर्टाने तसं म्हटलं असतं. तेही खरंच, नाही का? दोन पालकांशी बोलले. ते हेडमास्तरांना विचारून आले आणि पोरांना पैसे देऊन मोकळे झाले. वर्षातून एक सहल, पोरं पंधरा दिवस तेच बोलत होती.

शेवटी हेडमास्तर म्हणाले, "बाय, भिता जाल्यार तू घरा राव." रागावून नव्हे, सहज म्हणाले.

मी घरी राहिले नाही. मुलं जाणारच होती, माझ्याशिवाय गेली असती एवढंच. दोन गाड्यांत बावीस मुलं. मी कुठल्या गाडीत बसावं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पहिलीच्या मुली जिच्यात होत्या तिच्यात बसले आणि वाटभर मान वळवून मागच्या गाडीकडे बघत राहिले.

देऊळ बघितलं. मुलांनी डबे खाल्ले. टेकडीच्या कडेने आपलं घर दिसत होतं, खळ्यात कुणीतरी उभं होतं, बहुतेक तूच. मी हाक मारली नाही.

निघायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मोजलं. बावीस होती. पुन्हा मोजलं. मग त्याच दोन गाड्यांत त्यांना परत बसवलं.

सुशीला